मूल कुणाचे?

आपल्या धर्मग्रामातून लग्न होऊन अमेरिकेला गेलेल्या एका भगिनीचे पत्र काही दिवसांपूर्वी आम्हां धर्मशिक्षकांना आले. पंधराएक वर्षांपूर्वी ती आमच्याबरोबरच रविवारी मुलांचा वर्ग घेत असे. आता ती न्यू जर्सी राज्यात राहते. तिची दोन मुले तिथल्या सरकारी शाळेत जातात. नागरिकत्व मिळाल्यामुळे आता तिला मतदानाचा हक्कही आला आहे, आणि तिच्यापुढे आलेली पहिली निवडणूक राष्ट्राध्यक्षाची नव्हे, तर गावातल्या स्कूल बोर्डाची आहे. एका उमेदवाराचे पत्रक तिच्या दारात पडले. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पार्किंगमध्ये दोघी बायकांनी तिला सांगितले, “हा आपला माणूस आहे, कॅथलिक आईबापांनी ह्यालाच मत द्यायला हवे.” शेजारच्या घरातली शिक्षिका मात्र तिला म्हणाली, “हा माणूस निवडून आला तर आम्हांला शिकवणे मुश्कील होईल.” पत्राच्या शेवटी तिने विचारले आहे, “टीचर, मी काय करू? आपली ख्रिस्तसभा ह्यावर काय म्हणते?”

मत कुणाला द्यावे हे सांगणे आमचे काम नाही, आणि ह्या पत्रिकेचेही नाही. परंतु तिचा प्रश्न वाचून आम्ही दोन-तीन रविवार आपापसात बोलत राहिलो. बोलता बोलता तो प्रश्न अमेरिकेतून निघून आपल्याच ओटीवर येऊन बसला. म्हणून इथे मांडतो आहोत.

अमेरिकेत शाळा दिल्लीहून किंवा मुंबईहून चालवाव्यात तशा चालत नाहीत. सगळा देश तेरा हजारांच्या आसपास शालेय जिल्ह्यांत विभागलेला आहे. बहुतेक जिल्ह्यांत शाळेचा कारभार पाहायला लोकांनी निवडून दिलेले मंडळ असते. न्यू जर्सीत ह्या सभासदांना पगार नसतो, मुदत तीन वर्षांची असते आणि मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते. राज्य सरकार अभ्यासक्रमाची चौकट ठरवते. त्या चौकटीत अंदाजपत्रक, मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक, पुस्तके आणि शाळेचे नियम हे मंडळाच्या हाती असते. पूर्वी ह्या निवडणुकांकडे कुणी फारसे पाहत नसे. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे शाळा महिनोन्महिने बंद राहिल्या, मुले घरात संगणकासमोर बसली, तेव्हा शाळेत काय शिकवतात हे अनेक आईबापांनी प्रथमच ऐकले. मग मास्क, लैंगिक शिक्षण, वंशभेदाचा इतिहास, वाचनालयातली पुस्तके अशा एकेका विषयावरून मंडळांच्या सभा तापू लागल्या. २०२१ साली व्हर्जिनिया राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत एका उमेदवाराने जाहीर वादसभेत म्हटले की, शाळांनी काय शिकवावे हे पालकांनी सांगू नये. तो उमेदवार पडला, आणि ते वाक्य त्याला फार महागात पडले असे तेव्हा सगळ्यांनीच म्हटले.

आमच्या भगिनीने पाठवलेले पत्रक त्याच वाऱ्यातले आहे. उमेदवाराचे म्हणणे असे: मुलांचे पहिले शिक्षक आईबाप, सरकार नव्हे. वर्गात वापरले जाणारे प्रत्येक पुस्तक पालकांना आधी पाहायला मिळाले पाहिजे. लैंगिकतेविषयीचा पाठ असेल तर मुलाला त्यातून काढून घेण्याची मोकळीक हवी. मुलाने शाळेत आपले नाव किंवा लिंगओळख बदलून सांगितली तर शाळेने ती गोष्ट घरापासून लपवू नये. अयोग्य पुस्तके वाचनालयातून काढून टाकावीत. आणि शाळेने वाचन, लेखन, गणित ह्यांकडे परत वळावे.

पहिले वाचन झाले तेव्हा आमच्यापैकी जवळजवळ सर्वांनी मान डोलावली. कारण पहिले वाक्य तर आपल्याच घरचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईबाप हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे स्पष्ट म्हटले आहे, आणि ही जागा रिकामी राहिली तर ती भरून काढणे फार कठीण असल्याचेही. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात आणखी पुढे जाऊन सांगितले की, हा हक्क आईबापांना कुणी दिलेला नाही, म्हणून तो कुणी काढूनही घेऊ शकत नाही. लैंगिक शिक्षण तर आईबापांच्या देखरेखीखालीच व्हावे, मग ते घरी असो की त्यांनी निवडलेल्या शाळेत, असे त्याच पत्रात आहे. १९८३ साली रोमने काढलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेतही हेच आहे. तेव्हा पार्किंगमधल्या त्या दोघी बायका निराधार बोलत नव्हत्या.

परंतु ह्या हक्काचा जन्म अमेरिकेच्या कायद्यात कसा झाला ती कथा आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, आणि ती कळल्यावर मान डोलावणे जरा थांबते.

१९२२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ऑरेगन राज्यातील जनतेने मतदान करून एक कायदा संमत केला. आठ ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे, असा तो कायदा होता. खाजगी शाळांवर तो रोखलेला होता, आणि खाजगी शाळा म्हणजे तिथे मुख्यतः कॅथलिक सिस्टरांच्या शाळा. ह्या कायद्यासाठी झटणाऱ्यांत कु क्लक्स क्लॅन ही कुप्रसिद्ध संघटना होती, जिचा काळ्या लोकांइतकाच ज्यू आणि कॅथलिकांवरही रोष होता. प्रचारातले शब्द मात्र मोठे गोड होते. सगळी मुले एकाच शाळेत शिकली तर ती खरी अमेरिकन होतील, देश एक होईल, परक्या निष्ठा वितळून जातील. ‘परकी निष्ठा’ म्हणजे रोमची, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडेही हे शब्द अधूनमधून ऐकू येतात, फक्त देशाचे नाव बदलते.

येशू व मरिया ह्यांच्या पवित्र नावांच्या भगिनी ह्या संस्थेच्या सिस्टर तिथे शाळा आणि अनाथाश्रम चालवत होत्या. त्या न्यायालयात गेल्या. त्यांच्या जोडीला एक लष्करी धर्तीची खाजगी शाळाही होती, तिचा धर्माशी काही संबंध नव्हता. १ जून १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. मूल ही सरकारची निर्मिती नव्हे, ज्यांनी त्याला वाढवले आणि ज्यांच्या हाती त्याचे भवितव्य आहे, त्यांना त्याला घडवण्याचा हक्क आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे, असा त्याचा आशय. चार वर्षांनी, १९२९ च्या अखेरीस, पोप अकरावे पायस ह्यांनी शिक्षणाविषयी विश्वपत्र लिहिले तेव्हा त्यांनी ह्या निकालाचा मुद्दाम उल्लेख केला. पोपच्या पत्रात एका परदेशी न्यायालयाच्या निकालाचा दाखला यावा हे नेहमीचे नाही.

त्या आधी दोनच वर्षे, १९२३ साली, त्याच न्यायालयाने नेब्रास्का राज्यातील एका ल्युथरन शाळेच्या शिक्षकाला सोडवले होते. त्याचा गुन्हा असा की त्याने दहा वर्षांच्या मुलाला जर्मन भाषेत वाचायला शिकवले. पहिल्या महायुद्धानंतर त्या राज्यात आठवी पूर्ण होण्याआधी परकी भाषा शिकवायला बंदी होती. घरी एक बोली, चर्चमध्ये मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहिले की, त्या शिक्षकाची आठवण ठेवावीशी वाटते.

आता पाहा. १९२२ साली आपल्या सिस्टरांच्या शाळा बंद करायला निघालेले लोक कोण होते? देश, परंपरा, जुनी मूल्ये ह्यांचे नाव घेणारेच होते, आणि त्यांनी हे बहुमताने, मतपेटीतून केले. म्हणजे पालकांचा हक्क हा डाव्यांचा किंवा उजव्यांचा नाही. ज्यांची संख्या कमी आहे त्यांच्या तो कामाला येतो. ज्याच्या हाती मंडळाचे बहुमत आहे, त्याला त्याची गरजच नसते. आमच्या भगिनीच्या गावात उद्या हा उमेदवार आणि त्याचे साथीदार बहुमतात आले, तर पालकांच्या हक्काची खरी परीक्षा तेव्हा होईल. त्यांच्याहून वेगळ्या मताच्या पालकाला ते कसे वागवतात ते पाहावे लागेल.

अलीकडची गोष्ट घेऊ. मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीत शालेय मंडळाने लहान मुलांच्या वाचनात काही गोष्टींची पुस्तके आणली. समलिंगी विवाह आणि लिंगओळख हे त्यांचे विषय होते. सुरुवातीला पालकांना आधी कळवले जाई आणि मुलाला त्या तासाला बाहेर बसवता येई. पुढे मंडळाने ती सवलत बंद केली. न्यायालयात गेलेल्या पालकांत मुसलमान होते, कॅथलिक होते, ऑर्थोडॉक्स होते, आणि खटल्यावर पहिले नाव आहे ते मुसलमान कुटुंबाचे. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूने निर्णय दिला. आम्हांला तो निर्णय योग्य वाटतो. सात वर्षांच्या मुलाला विवाह म्हणजे काय हे कोणत्या शब्दांत सांगायचे, ह्याचा पहिला हक्क त्याच्या आईबापांचा आहे. पण निकाल नीट वाचायला हवा. पालकांनी पुस्तके जाळा किंवा काढून टाका अशी मागणी केलीच नव्हती. आमच्या मुलाला त्या वेळी बाहेर बसू द्या आणि आम्हांला आधी कळवा, एवढेच त्यांचे मागणे होते.

पत्रकातल्या पुस्तके काढून टाकण्याच्या कलमाशी आम्ही अडतो ते इथे. माझ्या मुलाला हे पुस्तक नको, हे आईचे बोलणे झाले. कुणाच्याच मुलाला हे पुस्तक नको असे म्हटले की ती आई राहत नाही, ती सरकार होते, आणि शेजारणीचा हक्क आपल्या खिशात घालते. काही पुस्तके लहान मुलांच्या हाती देऊ नयेत हे खरे, आणि ते ठरवायला शाळेला नियम हवेत, हेही आम्ही मानतो. तरी नियम एकदा केला की तो कुणावर उलटेल हे सांगता येत नाही. युटा राज्यात २०२२ साली असा कायदा झाला. त्याचा आधार घेऊन एका पालकाने तक्रार केली की एका पुस्तकात हिंसा आणि अश्लीलता आहे. डेव्हिस नावाच्या शालेय जिल्ह्याने २०२३ साली ते पुस्तक प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या वाचनालयांतून काढूनही टाकले. ते पुस्तक बायबल होते. लोकांनी आरडाओरड केल्यावर काही आठवड्यांनी मंडळाने ते परत ठेवले. जुना करार ज्यांनी पूर्ण वाचला आहे त्यांना तक्रारदाराची खोडी लक्षात येईल.

सर्वांत कठीण कलम आहे ते मुलाची गोष्ट घरापासून न लपवण्याचे. ह्यावर आमचे एकमत होऊ शकले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आमच्यातल्या दोघांचे म्हणणे असे की, मुलाच्या आयुष्यातली इतकी मोठी गोष्ट शाळेला ठाऊक आणि आईला नाही, हा आईचा अपमान आहे, आणि मुलाचेही नुकसान आहे, कारण रात्री दोन वाजता ते रडते तेव्हा शाळा जवळ नसते. ख्रिस्तसभेची शिकवण ह्याच बाजूला झुकते आणि आम्हीही शेवटी इकडेच झुकलो. पण आमच्यातल्या एका टीचरनी तीस वर्षे शाळेत काढली आहेत. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे मुले येऊन बोलली ती घरी मार बसेल म्हणून. एका मुलीचे मी घरी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ती हातावर वळ घेऊन आली.” ह्यावर कुणी काही बोलले नाही. घरी सांगायचे खरे, परंतु ज्या घरात सांगितल्यावर मुलाला इजा होईल तिथे काय, ह्याचे उत्तर पत्रकात नाही. ‘पालकांचा हक्क’ म्हणताना आपण आपल्यासारखे आईबाप डोळ्यांसमोर आणतो. सगळी मुले तेवढी सुदैवी नसतात.

आणि मूल स्वतः? १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या आमिश पंथाच्या आईबापांचा खटला गाजला. आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवणे त्यांच्या श्रद्धेविरुद्ध होते म्हणून त्यांना दंड झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने आईबापांची बाजू घेतली. पण एका न्यायमूर्तीने वेगळे मत नोंदवले: ह्या सगळ्यात मुलाला कुणी विचारले का? उद्या त्याला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचे असेल तर? आम्हांला हा प्रश्न सोडवत नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१६ साली कुटुंबाविषयी लिहिताना आईबापांना बजावले की, मुलाच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे, ते कुठे आहे ह्यापेक्षा त्याचे मन कुठे आहे हे जाणून घ्या.

आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे स्कूल बोर्डाची निवडणूक नाही, पण हक्क आहेत. राज्यघटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा प्रार्थनेत भाग घ्यायला लावता येत नाही. ३०व्या कलमाने आपल्याला स्वतःच्या शाळा काढण्याचा हक्क दिला. आपण तिसाव्याचे नाव नेहमी घेतो, अठ्ठाविसाव्याचे क्वचित. आपल्या शाळांत शिकणारी बहुसंख्य मुले हिंदू, मुसलमान, बौद्ध आईबापांची आहेत. ऑरेगनच्या सिस्टरांना जो हक्क मिळाला तोच ह्या आईबापांनाही आहे, आणि तो त्यांना आपण द्यायचा आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ साली आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, आणि सकाळच्या सभेत घटनेची प्रास्ताविका वाचा, असे त्यात आहे. काही लोकांना तो भित्रेपणा वाटला. आम्हांला तो न्याय वाटतो.

केरळमधला खटलाही इथे आठवतो. १९८५ साली एका शाळेने यहोवाचे साक्षीदार पंथाच्या एकाच घरातील तीन भावंडांना काढून टाकले, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत पण गात नसत. त्या पंथाच्या शिकवणीशी आपले जराही जमत नाही. आपण अभिमानाने राष्ट्रगीत गातो. तरी ११ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांना शाळेत परत घ्यायला लावले, तेव्हा आपल्या मुलांच्या श्रद्धेलाही त्यातून संरक्षण मिळाले.

हे सगळे बोलून झाल्यावर आमच्यातल्या सर्वांत वयस्कर मास्तरांनी विषय बदलला, किंवा खरे म्हणजे मूळ विषयावर आणला. ते म्हणाले, “हक्कासाठी न्यायालयात जाणारी माणसे आपण पाहिली. आपल्या वर्गात दर रविवारी किती आईबाप येऊन विचारतात की आज काय शिकवले?” आम्ही मोजले. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या वर्षी बरेच येतात, बहुधा कपड्यांचा रंग आणि फोटोग्राफर ह्यांविषयी विचारायला. दृढीकरणाच्या वर्षी थोडे. बाकीच्या वर्षी गाडी गेटाबाहेर थांबते, मूल उतरते, गाडी जाते. दहावीच्या वर्षी तर मूलही येत नाही, कारण रविवारी क्लास असतो. जी जागा दुसऱ्या कुणी भरू शकत नाही असे विश्वपरिषद म्हणते, ती आपण आधी शाळेला, मग क्लासला, मग मोबाइलला दिली. कुठल्याही सरकारने ती हिसकावून घेतलेली नाही.

आणि जिथे आईबापांनी हात सैल सोडायला हवा, तिथे आपण तो आवळतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षा ग्रंथात लिहिले आहे की, मुलाने कोणता व्यवसाय करावा आणि कोणता जीवनमार्ग निवडावा ह्यासाठी आईबापांनी सल्ला जरूर द्यावा, पण दबाव आणू नये. आपल्याकडे बारावी सायन्स घरातले ठरवतात. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलाला सेमिनरीत जायचे होते. घरचे देवभक्त, रोज रात्री जपमाळ म्हणणारे. वडील आम्हांला म्हणाले, “मुलगा आमचा आहे, कुणी त्याच्या डोक्यात काही भरू नका.” मुलगा आज परदेशात चांगल्या नोकरीवर आहे. तो दुःखी आहे असे आम्ही म्हणत नाही. फक्त बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हाचा प्रसंग जपमाळेच्या पाचव्या आनंदाच्या रहस्यात आला की, आम्हांला ते वडील आठवतात. मरिया आणि योसेफ तीन दिवस शोधत होते. सापडल्यावर मुलाने दिलेले उत्तर त्यांना समजले नाही, असे संत लूक स्पष्ट लिहितो. तरी ते त्याला घरी घेऊन गेले, तो त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि आईने त्या गोष्टी मनात जपून ठेवल्या.

आम्ही आमच्या भगिनीला उत्तर पाठवले. कुणाला मत दे हे लिहिले नाही. लिहिले ते एवढेच की, उमेदवारांची सभा असते तिथे जा आणि त्याला विचार: माझ्या मुलाला बाहेर बसवण्याचा हक्क तुम्ही मागता तो मला मान्य आहे, पण माझ्या मुसलमान शेजारणीने तोच हक्क तुमच्या आवडीच्या पुस्तकाबाबत मागितला तर तुम्ही काय कराल? त्या शिक्षिकेलाही भेट आणि विचार की, मुलाविषयी काही कठीण गोष्ट कळली तर मला कधी आणि कसे सांगाल?

तिचे उत्तर परवा आले. सभेला ती गेली होती, हॉलमध्ये पस्तीसएक माणसे होती आणि प्रश्न विचारताना तिचे पाय कापत होते. उमेदवार थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की ह्याचा त्याने विचार केला नव्हता, विचार करून सांगेन. शिक्षिकेला ती अजून भेटलेली नाही. धाकट्याच्या वर्गातली पुस्तकांची यादी मात्र तिने मागवून घेतली आहे, आणि रात्री जेवणानंतर त्यातले एकेक पुस्तक त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते आहे.